ही नोंद आधीच आहे

३ नोव्हेंबर, सोमवार

आज राजुरीला पोहोचलो. घोडेगावहून सकाळची गाडी, नारायणगावला बदलली, आळेफाट्याला पुन्हा बदलली. दुकान रस्त्यालगतच आहे. खाली फ्लेक्सचं मोठं मशीन आणि दोन कॉम्प्युटर, वर माझ्यासाठी खोली. खोलीला खिडकी आहे आणि खिडकीतून डाळिंबाची बाग दिसते. पंखा चालतो. मी तीन वेळा चालू-बंद करून पाहिला.

मालकांचं नाव दादाभाऊ. वय पन्नाशीचं, बोलायला मोकळे. मी कॉलेज दीड वर्षात सोडलं हे मी त्यांना आधीच सांगितलं, म्हणजे नंतर कोणी सांगायला नको. ते म्हणाले, त्यांना सर्टिफिकेट नको, शुद्ध लिहिणारा माणूस पाहिजे. मागच्या मुलाने दशक्रियेच्या फ्लेक्सवर मयताच्या जावयाचं नाव गाळलं होतं. तीस माणसं दुकानावर आली.

"मेलेला काय बोलत न्हाई रे," दादाभाऊ म्हणाले, "पण ज्याचं नाव ऱ्हायलं तो जावय मारायला येतो."

दुकानात भिमाबाई म्हणून एक मावशी आहेत. फ्लेक्सची कड दुमडून त्याला रिंगा ठोकतात. त्यांनी मला चहा दिला आणि माझा फ्लेक्स कधी लागला होता का, असं विचारलं. मी म्हणालो, माझा फोटो आजवर एकाही फ्लेक्सवर आलेला नाही. दादाभाऊंनी लगेच सांगितलं की माझ्या वाढदिवसाला दहा बाय आठचा मोठा लावू, फुकट. सगळे हसलो.

आईवडील दिवाळी झाल्यावर मेंढरं घेऊन कोकणात उतरलेत. ताई मात्र इथून जवळ, पिंपरी पेंढारला. मी शाळेत जावं म्हणून मेंढरांमागे ताई गेली. ती सातवीतून गेली ती गेलीच. तिला फोन केला. रविवारी जेवायला बोलावलंय.

मी इथे नीट राहीन असं वाटतं.

५ नोव्हेंबर, बुधवार

खरं काम आज समजलं. दादाभाऊंना वेबसाइट हवी आहे. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत कोणत्या गावी कोणाची दशक्रिया आहे, किती वाजता, कोणत्या घाटावर, प्रवचन कोणाचं, हे सगळं एका जागी. सध्या मोबाईलवर फिरतं, पण मागच्या महिन्यातलं पुन्हा फिरायला लागतं आणि लोक रिकाम्या घाटावर जाऊन उभे राहतात. पुढाऱ्यांना तर एका सकाळी तीन-तीन घाट करावे लागतात.

मला एवढं येत नाही. दादाभाऊंनी एआय असिस्टंटची वर्गणी भरली आहे. आपण मराठीत लिहायचं, तो काम करतो. दादाभाऊ त्याला 'पावणं' म्हणतात. पावण्याला इचार, पावणं काय म्हणतंय बघ.

पावणं चांगलं शिकवतं. समोरची बाजू म्हणजे लोकांना दिसणारी पानं. मागची बाजू म्हणजे आलेली माहिती तपासून आत ठेवणारी. तळाशी डेटाबेस, म्हणजे आखलेली वही. मी प्रत्येक फाइलचं नाव आणि तिचं काम वेगळ्या कागदावर लिहून ठेवलं.

एका ठिकाणी आमचं जुळलं नाही. पावण्याने विचारलं की मूळ नोंद निधनाच्या तारखेची ठेवावी का, त्यावरून दहावा दिवस काढता येईल. मी दादाभाऊंना विचारलं. ते म्हणाले, इथे फोन करणारा कधीच गेल्याची तारीख सांगत नाही. तो सांगतो, वीस तारखेला दहावा, साडेआठला, घाटावर. गेले कधी ते आपण मागे मोजायचं. म्हणून फॉर्ममध्ये दशक्रियेची तारीख घेतली. त्यातून नऊ दिवस वजा केले की निधनाची तारीख आपोआप येते. पावण्याने एकदा लिहिलं की नऊ दिवसांपेक्षा पुढची तारीख टाकली तर निधनही पुढच्या तारखेला पडेल. मी लिहिलं, आमच्याकडे असंच चालतं. मग त्याने तसं केलं.

निधनाचं कारण लिहायला रकाना नाही. कारण लिहायची पद्धतच नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

आज काही गावांचे पुढारी वेबसाइट बघायला येणार होते. पहिल्या पानावर चार चौकोन बसतात आणि चारही रिकामे होते. पावण्याला नमुन्याच्या चार नोंदी भरायला सांगितल्या. त्याने परगावची आडनावं टाकली. दादाभाऊ म्हणाले, आपल्या इकडची नावं घाल, फोटोसकट, त्याशिवाय शोभा नाही.

दुकानातल्या कॉम्प्युटरवर वाढदिवसांच्या आणि सत्काराच्या फ्लेक्सचा एक फोल्डर आहे. नावं, फोटो सगळं तयार. मी तो फोल्डर उघडून न बघता पावण्याला दिला. त्याने चार जण निवडले. पान सुरेख दिसलं. प्रत्येक नावापुढे 'कै.' आपोआप लागलं. पान 'आगामी' असल्यामुळे तारखा सगळ्या पुढच्या.

पुढाऱ्यांना आवडलं. संध्याकाळी वेबसाइट सगळ्यांसाठी खुली झाली.

भिमाबाई मावशींनी पान बघितलं आणि हातातली रिंग खाली ठेवली. त्यांना त्यातला एक चेहरा ओळखीचा वाटला. मी सांगितलं की हा फक्त नमुना आहे, सोमवारी पुसतो.

त्या म्हणाल्या, "जित्या माणसाचं पान मांडलंस व्हय रं?"

मला बरं वाटलं नाही. पण पुढारी गेल्यावर दादाभाऊंनी भेळ आणली होती, ती खाल्ली.

११ नोव्हेंबर, मंगळवार

काल चारही नमुने पुसायला सांगितले. पावण्याने 'पुसले' लिहिलं. मी मोबाईलवरही बघितलं. पान रिकामं होतं.

आज सकाळी लाईट गेली. आल्यावर कॉम्प्युटर चालू केला तर चारही नोंदी परत. पावण्याला विचारलं. त्याने सांगितलं की सुरू होताना वही रिकामी दिसली तर नमुने भरावेत, अशी सूचना फाइलमध्ये राहिली होती. पटण्यासारखं होतं. ती ओळ मी स्वतः काढली, नोंदी पुन्हा पुसल्या.

दुपारी दोनच्या सुमारास फोन आला. गावातलेच हौशीराम बाबा वारले. पंचाहत्तरीचा फ्लेक्स आपणच केला होता. वीस तारखेला दहावा, साडेआठला. मी फॉर्म भरला आणि बटण दाबलं. लाल अक्षरांत उत्तर आलं.

ही नोंद आधीच आहे.

नमुन्यातली पहिली नोंद हौशीराम बाबांचीच होती. दशक्रिया वीस तारीख. वजा नऊ, अकरा. म्हणजे आज. वेळही साडेआठ.

दादाभाऊ म्हणाले, बाबा चार महिन्यांपासून आजारीच होते, योग जुळून आला. माझा हात बटणावरून निघत नव्हता हे त्यांनी पाहिलं असावं, कारण त्यांनी मला बाहेर नेऊन उसाचा रस पाजला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी दुकान उघडलं तर मशीनवर फ्लेक्स तयार होता. भावपूर्ण श्रद्धांजली. कै. गेणू. एकोणतीस वर्षांचा मुलगा. दशक्रिया बावीस तारखेला.

वजा नऊ. आज.

फोन पावणेअकराला आला. हायवेवर मोटरसायकल ट्रकखाली गेली. दहा वाजता. फ्लेक्स नऊ वाजता तयार होता. मी घड्याळ पाहिलं होतं. मी नेहमी पाहतो.

दादाभाऊंना विचारलं. ते थोडे चिडले. म्हणाले, त्यांनीच पावण्याला सांगून ठेवलंय की निधनाची तारीख आली की डिझाईन आपोआप मशीनला पाठव, आपला वेळ वाचतो. त्यात तुझं काय गेलं, असं विचारलं. मग गेणूच्या घरच्यांचा फोन घेताना त्यांचा आवाज किती लवकर मऊ झाला, तेही मी पाहिलं. तयार फ्लेक्स त्यांनी अर्ध्या तासात पोहोचवला. घरच्यांनी विचारलं नाही का, इतक्या लवकर कसा झाला?

पावण्याला सरळ विचारलं, ही चार नावं तू का निवडलीस. त्याने लिहिलं की फोटो स्पष्ट असलेले चार घेतले. तारखा दोन-चार दिवसांच्या अंतराने ठेवल्या म्हणजे पान नैसर्गिक दिसतं. ती माणसं हयात आहेत हे त्याला ठाऊक नव्हतं, मी सांगितलं नव्हतं. खेद आहे. काही बदल करू का?

उत्तर सभ्य आहे. त्यात चूक सापडत नाही. मला त्याचाच संशय येतो.

उरलेल्या दोन नोंदी पेनाने इथे उतरवतो.

तिसरी. अंबाबाई. दशक्रिया २४. म्हणजे १५ तारीख.

चौथी. महिला बचत गटाच्या सत्काराच्या फ्लेक्सवरून घेतलेली. फोटो लहान आहे, मी आजवर मोठा करून पाहिला नव्हता. नाव रोहिणी भिका. दशक्रिया २८. म्हणजे १९ तारीख.

पिंपरी पेंढार.

ताई.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

दोन्ही नोंदी काल पुसल्या. आज सकाळी परत होत्या. पावणं म्हणतं त्याने टाकल्या नाहीत. नोंदींवर माझंच नाव आहे, वेळ पहाटेची. मी झोपलो होतो. मला वाटतं मी झोपलो होतो. पासवर्ड दादाभाऊंनाही माहीत आहे.

वेबसाइट बंद करा म्हणालो. दादाभाऊ म्हणाले, तीनशे माणूस रोज बघतंय, तुझ्या भीतीपायी बंद करू? पगार हवाय का घरी जायचंय?

मी गेलो तरी नोंद इथेच राहील. म्हणून गेलो नाही.

मावशींना सगळं सांगितलं. त्यांना आश्चर्य वाटलं नाही. रिंगा ठोकत बोलत राहिल्या. घाटावर कावळ्यासाठी पान मांडतात तसं हे आहे म्हणाल्या. त्यांच्या नवऱ्याच्या दहाव्याला कावळा दोन तास शिवला नव्हता, तरी कोणी पान उचललं नाही.

"मांडलेलं पान रिकामं उचलत न्हाईत पोरा. ज्याला हाक मारली त्यो न्हाई आला, तर दुसरा कोन तरी येतोच."

मग त्यांनी पुढची रिंग उचलली. जे बोलून गेल्या ते बोलायला नको होतं, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

मी विचार केला. पान पुसता येत नाही. पण नाव बदलता येत असेल. रकाना रिकामा सोडून पाहिला. 'नाव आवश्यक आहे' असं आलं. मग अंबाबाईंच्या जागी कोणीच नसलेला माणूस टाकला. नाव मी बनवलं. भागू तान्हाजी डोंगरमळे. असं आडनाव मी कधी ऐकलेलं नाही. गावाच्या रकान्यात रेघ मारली.

नोंद टिकली. आज हलकं वाटतंय.

१५ नोव्हेंबर, शनिवार

अंबाबाई ठीक आहेत. सकाळी मुद्दाम त्यांच्या दारावरून गेलो. ओट्यावर बसून पावटा सोलत होत्या. मला म्हणाल्या, पावणं, कुणाकडं? मी हसत परत आलो. खरंच हसत होतो.

दुपारी साडेतीनला फोन. घोडेगावच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतून. वेबसाइटवरून नंबर मिळाला म्हणाले. चोवीस तारखेला दहावा आहे. नाव लिहून घ्या.

भागू तान्हाजी डोंगरमळे. दोन लहान मुली आहेत.

मी म्हणालो, पुन्हा सांगा. त्यांनी पुन्हा सांगितलं. माणूस रडत होता आणि मी त्याला तीन वेळा तेच नाव सांगायला लावलं.

ते नाव मी बनवलं होतं.

१६ नोव्हेंबर, रविवार

पिंपरी पेंढारला गेलो. ताईने बाजरीची भाकरी आणि वांगं केलं होतं. सगळं सांगितलं. भिका भावजी हसले. म्हणाले, मग आमच्या सोसायटीच्या चेअरमनचं नाव टाक. ताई हसली नाही, पण तिने विश्वासही ठेवला नाही.

"बिरू, तुझं डोस्कं त्या मशीननं खाल्लंय. दोन दिस हितं ऱ्हा. कांद्याची लागण करू."

मी सांगितलं, बुधवारी घराबाहेर पडू नकोस. तिने विचारलं, घरात कशाला भिऊ आणि बाहेर कशाला? मोटार, साप, विहीर, उसातला बिबट्या? कारणाचा रकाना मीच ठेवला नव्हता.

निघताना तिने डब्यात भाकरी बांधून दिली. शाळेत जाताना द्यायची तशी. फडक्याला तीच गाठ.

१७ नोव्हेंबर, सोमवार

ताईची नोंद सहा वेळा पुसली. सहा वेळा परत आली.

तारीख पुढे ढकलायला सांगितली. पावणं म्हणालं, ढकलली. पानावर २८च आहे. ते म्हणतं त्याला पाच डिसेंबर दिसते. कोणीतरी खोटं बोलतंय. तो, की पान, की —

दादाभाऊ आज माझ्याशी फार गोड बोलतात. का?

मी रात्री दार बाहेरून लावून घ्या असं मावशींना सांगितलं. त्यांनी लावलं. तरी पहाटेच्या नोंदीवर माझंच नाव.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

उद्या.

कोणाचं तरी नाव टाकावं लागणार. भावजींनी चेष्टेत सांगितलेलं दिवसभर डोक्यात आहे. चेअरमनचं नाव मला माहीत आहे. बोटांनी पहिली दोन अक्षरं टाइप केली. मग त्या वाडीतल्या माणसाचा आवाज आठवला. दोन मुली.

पुसली ती अक्षरं.

ज्याची परवानगी घेता येते असं एकच नाव आहे.

दुपारी चार वाजता टाकलं. पहिल्या वेळी टिकलं. फोटोचा रकाना रिकामा ठेवला, माझा फोटो नाहीच कुठे. करड्या रंगाची नुसती आकृती दिसते.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी ८. ताईला फोन केला. ठीक आहे. रोपं उपटायला बायका आल्यात.

१०. दादाभाऊ नारायणगावला फ्लेक्सचे रोल आणायला गेले. मावशी आल्या नाहीत, निरोपही नाही. मी शटर ओढलं. मागच्या दाराची वरची कडी लावली, खालचीही लावली. दोनदा तपासलं. टेबल असं आहे की माझी पाठ त्या दाराकडे येते, पण टेबल हलत नाही.

१२. पान उघडून बघितलं. नोंद भरत चालली आहे. मी भरत नाही. शोकाकुल म्हणून नावं आली आहेत. वडिलांचं, आईचं. त्याखाली, बहीण सौ. रोहिणी.

शोकाकुलमध्ये ताई आहे. म्हणजे ताई राहते.

खूप वेळ बघत बसलो. सगळी नावं बरोबर आहेत, कोणी राहिलं नाही. भावजींचंही आहे.

१. ताईला पुन्हा फोन. कांदा लावतेय. आवाज मागे बायकांचा. म्हणाली, जेवलास का? जेवलो म्हणालो.

१.२०. मशीन चालू झालं.

मी बटण दाबलेलं नाही. हात पोहोचेल इतक्यावर प्लग आहे. काढणार नाही. पान रिकामं उचललं तर पुन्हा ताईचं —

वरून खाली छापत येतं. एका वेळी चार बोटं. भावपूर्ण श्रद्धांजली आलं. दहा बाय आठ. दादाभाऊंनी सांगितलेल्या मापाचा.

आता फोटोची वरची कड. करडी आकृती नाही. खरा फोटो आहे. स्क्रीनवर पासपोर्ट फोटोचा कॅमेरा आहे, त्यातून काढल्यासारखा. दशक्रियेच्या फोटोमागचं सगळं कापून आम्ही ढग लावतो. इथे कापलेलं नाही. हीच खोली आहे. मागचं दार आहे.

दाराची वरची कडी दिसते. निघालेली आहे.

मी लावली होती. दोनदा —

माझे केस आले. कपाळ. दार अर्धं उघडं आहे आणि त्यात उजेड नाही. बाहेर भर दुपार आहे, तरी उजेड नाही, कारण दारात —

ताई ठीक आहे. ही वही तिला द्यावी. तिला सांगावं की कारण लिहायची पद्धत नाही म्हणून कोणी लिहिणार नाही, पण मी बघून लिहितो, म्हणजे पुढच्याला कळेल की कशाला

डोळे आले. फोटोत मी खाली बघतोय. वहीत लिहितोय. आजचाच शर्ट.

खांदा येतोय. डाव्या खांद्यावर काहीतरी ठेवलेलं आहे. बोटं नाहीत ती. ते —